आधी फरशीवरचा झोका उतरवा

वाचकाचं पत्र

«आमची सोसायटी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आहे. मागच्या बाजूला साठ बाय चाळीस फुटांची मोकळी जागा आहे. बिल्डरने तिथे पेव्हर ब्लॉक बसवून लोखंडी झोका, फायबरची घसरगुंडी आणि एक सीसॉ लावून दिला होता. आता झोक्याचे पाय गंजलेत, घसरगुंडी उन्हाळ्यात इतकी तापते की मुलं रडतात, आणि गेल्या महिन्यात झोक्यावरून पडून एका मुलीच्या डोक्याला टाके पडले. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही डहाणूला गेलो होतो. तिथे सुरूच्या बनात, वाळूत मुलं दिवसभर खेळली आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तसंच काही इथे करावं असं मनात आहे. कमिटीने तीन लाख रुपये मंजूर केले आहेत. कुणी म्हणतं रबरी मॅट टाका, कुणी म्हणतं किनाऱ्यावरून ट्रकभर वाळू आणा, कुणी म्हणतं मोठा नवा सेट घ्या. काय करावं? शिवाय माझ्या धाकट्या दिरांचं डहाणूला पर्यटकांसाठी घरगुती निवास आहे. त्यांनाही अंगणात मुलांसाठी खेळणी लावायची आहेत, पण खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही अशी त्यांची तक्रार आहे.»

— एक वाचक, नाशिक

ताई,

बाकी सगळं ठरायला दोन महिने लागले तरी चालतील. झोका मात्र या आठवड्यात उतरवा. साखळ्या काढून दांडीला गुंडाळून ठेवल्या तर मोठी मुलं त्या पुन्हा सोडतात, म्हणून साखळ्या काढून ऑफिसात कुलपात ठेवा. मग हातोडीने प्रत्येक पाय जमिनीलगत ठोकून पाहा. चांगला पाइप टणटणतो, आतून खाल्लेला पाइप बद्द वाजतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबल्यावर आत गेलं तर तो पाय भंगाराचाच. वर रंग मारून तो वाचत नाही. पाय कापायचे झाले तर जमिनीसपाट कापून बुंधा मागे ठेवू नका, काँक्रीटसकट उपटून काढा. तसे राहिलेले बुंधे पुढे वर्षानुवर्षं मुलांच्या पायाला लागत राहतात.

डहाणूला मुलांना लागलं नाही, त्याचं कारण त्यांच्या पायाखालची जमीन. चार फुटांवरून पडणारं मूल जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी सतरा किलोमीटरच्या आसपास असतो. पेव्हर ब्लॉकवर तो सगळा वेग एक-दोन मिलिमीटरमध्ये थांबतो आणि झटका कवटी सोसते. सैल वाळूत थांबायला काही सेंटिमीटर मिळतात आणि तिथेच सगळा फरक पडतो. म्हणून तुमच्या तीन लाखांचा पहिला हक्क जमिनीचा, दुसरा सावलीचा. खेळणी तिसऱ्या नंबरवर. मोठा सेट घ्या म्हणणाऱ्यांना हेच सांगा: सहा-सात फुटी मचाण असलेला सेट त्याच फरशीवर उभा केला, तर आज चार फुटांवरून पडणारं मूल उद्या सात फुटांवरून पडेल.

रबरी मॅट वाईट नसते, पण तिच्या नावाखाली बरंच काही विकलं जातं. दहा-पंधरा मिलिमीटरची मॅट पेव्हरवर अंथरली तर चालताना मऊ लागते, डोक्याला मात्र ती जवळजवळ काहीच वाचवत नाही. चांगल्या मॅटचा विक्रेता चाचणीचा दाखला देतो. ‘इतक्या उंचीवरून पडलं तरी एचआयसी १००० च्या आत’ असं त्यावर लिहिलेलं असतं. एचआयसी म्हणजे डोक्याला बसणाऱ्या झटक्याचं माप आणि १००० ही त्याची मान्य मर्यादा. तुमच्या खेळण्याची उंची दाखल्यातल्या उंचीपेक्षा कमी हवी. दाखला नसेल तर मॅट घेऊ नका. दाखल्याची मॅट घेतलीत तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. गडद रबर एप्रिल-मेमध्ये अनवाणी पायाला चटका देतं. आणि पेव्हर खचले की टाइलच्या कडा उचलल्या जातात, त्याखाली पाणी साचतं, त्याच कडांना मुलं अडखळतात. आमचा सल्ला असा की रबर फक्त एका पट्ट्यापुरतं ठेवा: फाटकापासून बाकापर्यंत आणि तिथून खेळण्यापर्यंत चार फूट रुंद. वाळूत चाकाची खुर्ची रुततेच, काठी टेकत येणाऱ्या आजी-आजोबांनाही वाळू जड जाते. त्यांची वाट राहिलीच पाहिजे.

म्हणजे वाळूच, पण किनाऱ्यावरची अजिबात नको. समुद्रकिनाऱ्याची वाळू उचलायला किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी मनाई आहे आणि डहाणू तालुका तर १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ती तुमच्या कामाची नाही. तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढतं, वाळू चिकट राहते आणि झोक्याच्या लोखंडाला नाशिकमध्ये बसूनही समुद्राचा गंज लागतो. शिंपल्यांचे तुकडे तळपाय कापतात ते वेगळंच.

बांधकामाची क्रश सँडही टाळा. ती बेसाल्ट फोडून केलेली असते, कण टोकदार असतात, कोपरा-गुडघे सोलून निघतात. तिच्यातली भुकटी पहिल्या पावसात बसली की वर पापुद्रा धरतो आणि दोन महिन्यांत तो कडक होतो. तुम्हाला हवी गोल कणांची, धुतलेली नदीची वाळू. कण साधारण पाव मिलिमीटर ते दोन मिलिमीटर, म्हणजे बारीक रव्यापासून साबुदाण्याच्या थोडं आतपर्यंत. पुरवठादाराकडून रॉयल्टीची पावती आणि वाहतूक पास घ्या. चोरीच्या वाळूवर मुलांचं मैदान उभं करू नये, आणि सोसायटीच्या नावावर दंड बसला तर तो तुमच्या तीन लाखांतूनच जाईल.

गाडी रिकामी करण्याआधी बाटलीची चाचणी करा. पारदर्शक सरळ बाटलीत दहा सेंटिमीटर वाळू घ्या. एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ विरघळवून ते पाणी बाटलीत वाळूच्या वर चार-पाच बोटं येईल इतकं ओता आणि झाकण लावून जोरात हलवा. मिठाने गाळ लवकर बसतो. तीन तासांनी वाळूवर गाळाचा वेगळा थर दिसेल. तो तीन मिलिमीटरच्या आत असेल तर वाळू घ्या, पाच-सहा मिलिमीटर असेल तर परत पाठवा. गाळाची वाळू स्वस्त मिळते, पण ती घट्ट बसते, आणि घट्ट बसलेल्या वाळूत वाचवण्याची ताकद उरत नाही.

आता जागेचा हिशोब, कारण इथेच बहुतेक सोसायट्या चुकतात. झोका वाटतो त्यापेक्षा फार जागा खातो. दांडी वाळूपासून सहा फूट उंच धरली तर झोक्याच्या पुढे बारा आणि मागे बारा, असे चोवीस फूट मोकळे हवेत, दांडीच्या उंचीच्या दुप्पट दोन्हीकडे. रुंदीत पाहा. दीड फुटाच्या दोन बैठका, त्यांच्यामध्ये दोन फूट, प्रत्येक बैठक आणि बाजूचा खांब यांत अडीच फूट, मिळून दहा फूट. खांबांच्या बाहेर दोन्हीकडे सहा-सहा फूट, कारण मुलं खांबावर चढतातच. झाले बावीस. म्हणजे दोन बैठकांच्या झोक्याला चोवीस बाय बावीस, ५२८ चौरस फूट. तुमच्या २४०० चौरस फुटांचा पाचवा हिस्सा एकट्या झोक्याचा. एका दांडीला दोनपेक्षा जास्त बैठका लावू नका. मधली बैठक गाठायला मूल दोन हलत्या झोक्यांमधून धावतं.

घसरगुंडीचं मचाण चार फुटांवर थांबवा. तिला सगळीकडून सहा फूट सोडले की सुमारे तेवीस बाय पंधरा, म्हणजे ३४५ चौरस फूट लागतात. तिचं खालचं तोंड झोक्याच्या जागेत येता कामा नये. लहानग्यांसाठी बारा बाय दहाचा वेगळा वाळूचा हौद ठेवा, पाच वर्षांखालच्यांसाठीच. पहिल्या दोन ठिकाणी वाळू एक फूट, हौदात दीड फूट. अशी ५२८, ३४५ आणि १८० मिळून १०५३ घनफूट, म्हणजे साडेदहा ब्रास वाळू. हे परवडत नसेल तर थराची जाडी कमी करू नका, झोक्याची एक बैठक कमी करा. जागा चोवीस बाय साडेअठरावर येते आणि जवळपास एक ब्रास वाचतो.

एक फूट का, हे कमिटीत विचारलं जाईल. युरोपीय मानक दोन मीटरपर्यंतच्या पडण्याला वीस सेंटिमीटर वाळू आणि पायांनी इकडेतिकडे होणाऱ्या वाळूसाठी वर दहा सेंटिमीटर सांगतं. अमेरिकी मार्गदर्शिका वाळूच्या बाबतीत जास्त सावध आहे. नऊ इंच दबलेली वाळू ती फक्त चार फुटांपर्यंतच पुरेशी मानते. म्हणून आम्ही थर एक फूट धरतो आणि मचाण चार फुटांच्या वर जाऊ देत नाही.

नाशिकमध्ये वाळूचा खरा शत्रू म्हणजे खालची काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी खाली जाऊच देत नाही. तिच्यात खड्डा खणून वाळू भरली की जुलैत त्याचा भरलेला टब होतो. आधी एका कोपऱ्यात दोन फूट खोल खड्डा खणून पाणी भरा. ते जिरलं की पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळचं मोजा. तासाला एक इंचही उतरत नसेल तर पाण्याला बाहेर काढणारा पाइप लागणारच. मुरूम लागला असेल तर तुमचं नशीब, काम अर्ध्यावर येईल.

काळी माती दोन फुटांपर्यंत किंवा मुरूम लागेपर्यंत, जे आधी येईल तिथवर काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरून, पाणी मारून, प्रत्येक थर धुमसाने ठोका. एकदम दोन फूट भरून वरून ठोकला तर खालचा अर्धा भाग सैलच राहतो आणि पहिल्या पावसात खचतो. शंभराला एक असा उतार ठेवा, म्हणजे चोवीस फुटांत तीन इंच. त्यावर न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, साधारण दोनशे जीएसएमचं (चौरस मीटरला दोनशे ग्रॅम). मग चार इंच वीस एमएम खडी, तिच्या तळाशी उताराच्या दिशेने भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप. वर पुन्हा तेच कापड आणि मग वाळू. दोन्ही कापडं हवीतच. खालचं नसेल तर चिखल खडीत चढतो, वरचं नसेल तर वाळू खडीत उतरते. कापडाच्या जोडाला एक फूट चढाव द्या. पाइपचं तोंड पावसाच्या पाण्याच्या गटारात सोडा, सांडपाण्याच्या चेंबरमध्ये कधीच नाही, आणि त्यावर उंदरांसाठी बारीक जाळी बसवा.

कंत्राटदार ‘खाली पीसीसी (साधं काँक्रीट) मारू, स्वच्छ राहील’ असं हमखास सुचवेल. नाही म्हणा. पीसीसीने तळ बंद झाला की पाणी अडकतं, वाळू कुबट होते, आणि झोक्याखालची वाळू बाजूला सरकली की मूल थेट काँक्रीटवर पडतं.

वाळूची पातळी भोवतालच्या जमिनीपेक्षा सहा इंच वर ठेवा, म्हणजे आवाराचं पाणी आत वाहून येणार नाही. काठ गोल गोटाईचा करा. ग्रॅनाइटची धार नको. उखडलेले पेव्हर ब्लॉक फेकू नका, चालण्याच्या वाटेला वापरा. उरलेली चौदाशे चौरस फूट जागा मोकळीच राहू द्या. पळापळी, लंगडी, भोवरा यांना खेळणी लागत नाहीत, मोकळी जागा लागते. मंजूर नकाशात ती खुली जागा असणार, तेव्हा पक्कं बांधकाम तिथे तसंही नको.

सावलीबाबत परदेशी पुस्तकं सांगतात की घसरगुंडीचं तोंड उत्तरेला करा. आपल्याकडे ते अर्धंच खरं आहे. नाशिक वीस अंश अक्षांशावर आहे. मेच्या वीस-एकवीस तारखेला आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो, मधल्या काळात किंचित उत्तरेला. उत्तरमुखी घसरगुंडीही तापतेच. छप्पर किंवा झाड हाच उपाय आहे.

छपरातही एक मेख आहे. मुलं खेळायला उतरतात संध्याकाळी चार-पाचनंतर. मेच्या सुरुवातीला चार वाजता दहा फूट उंचीवरच्या जाळीची सावली सुमारे बारा फूट पूर्वेला सरकलेली असते, पाचला जवळपास वीस फूट. बरोबर झोक्यावर ताणलेली शेडनेट पाच वाजता शेजारच्या भिंतीवर सावली पाडत असते. म्हणून जाळी पश्चिमेकडे सरकवून ताणा आणि पश्चिमेच्या बाजूला एक उभा पडदाही लावा. त्याआधी फुकटची सावली शोधा. चार, पाच आणि सहा वाजता तुमच्या इमारतीची सावली जागेवर कुठपर्यंत येते ते खडूने आखा. तिन्ही वेळांना सावलीत राहणारा तुकडा लहानग्यांच्या हौदाला द्या. आज आखाल ती रेघ मेमध्ये थोडी हलेल, पण दिशा कळेल.

शेडनेट नाशिकला शिकवायची गरज नाही. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांचे मांडव उभे करणारे हात तारेचा ताण उत्तम जाणतात. त्यांच्यातल्याच कुणाला बोलवा. पंचाहत्तर टक्के ऊन अडवणारी, यूव्ही स्थिर केलेली (उन्हाने लवकर न विरणारी) जाळी घ्या. कडेला दर फुटावर आयलेट आणि तारेवर सरकणाऱ्या कड्या लावा, म्हणजे वळवाचा वारा सुटला की पाच मिनिटांत ती गोळा करता येईल. खांब खेळण्याच्या जागेबाहेर, जाळी दहा फुटांच्या खाली नाही. जूनमध्ये ती उतरवून कोरडी गुंडाळून ठेवा. ओली ताणून ठेवलेली जाळी पाण्याच्या वजनाने लोंबते आणि खांब ओढते.

झाडं जून-जुलैत पश्चिम आणि नैऋत्य कडेला लावा. कडुनिंब आणि कांचन चांगले. गुलमोहर आणि रेन ट्री खेळण्याजवळ नको, वाऱ्यात त्यांच्या फांद्या सहज मोडतात. कण्हेर, विशेषतः पिवळी कण्हेर, एरंड आणि धोत्रा आवारात असतील तर काढून टाका. मुलं शेंगा-बिया घेऊन ‘स्वयंपाक’ करतात आणि चाखूनही पाहतात. पिवळ्या कण्हेरीच्या बीने जीव जाऊ शकतो.

खेळण्यांचं थोडक्यात सांगतो, कारण जमीन आणि सावली नीट झाली की उरलेलं अंबड-सातपूरचा कुठलाही जाणता फॅब्रिकेटर करून देईल, फक्त त्याला नेमकं सांगावं लागतं. झोक्याचा पाइप बी क्लास (मध्यम जाडीचा), आयएस १२३९ या भारतीय मानकाचा. सगळं वेल्डिंग आणि सगळी भोकं आधी, मग हॉट डिप गॅल्वनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढणं, आयएस ४७५९ प्रमाणे. उलट क्रम झाला, गॅल्वनाइज्ड पाइप आणून जागेवर वेल्डिंग केलं, तर जोडाशी जस्त जळून जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. बंद पाइपला हवेची भोकं ठेवायला सांगा, नाहीतर तापलेल्या जस्ताच्या टाकीत तो फुटू शकतो. ‘जिंक प्लेटिंग केलंय, चकचकीत आहे’ हे उत्तर चालणार नाही. ते काही मायक्रॉनचंच असतं, हॉट डिपचा थर त्याच्या कितीतरी पट जाड आणि दिसायला करडा असतो.

साखळीच्या कड्यांची फट आठ मिलिमीटरच्या आत, म्हणजे बोट अडकत नाही. एस हुक पूर्ण दाबून बंद केलेला, त्यात नाणंसुद्धा शिरू नये. बैठक वाळूपासून सव्वा फूट वर आणि रबराची, लाकडी किंवा लोखंडी नाही, कारण रिकामा झोका परत येऊन दुसऱ्या मुलाच्या तोंडावर आदळतो. पायाचं काँक्रीट वाळूच्या पृष्ठभागाखाली किमान सोळा इंच. तेवढ्यासाठी खालचा खडीचा थर त्या जागी फोडावा लागेल, तो फोडा. मचाणाच्या कठड्यात, शिडीच्या पायऱ्यांत नऊ ते तेवीस सेंटिमीटरची फट कुठेही नको. त्यातून अंग जातं आणि डोकं अडकतं. एकतर नऊच्या आत किंवा तेवीसच्या बाहेर.

रंगाचं विचारायला लोक विसरतात. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत नव्वद) आहे आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण फॅब्रिकेटरकडचा औद्योगिक इनॅमल त्या नियमात बसत नाही. तेव्हा ‘९० पीपीएमच्या आतला रंग’ असं कोटेशनमध्ये लिहून घ्या आणि डबा स्वतः पाहा.

तुमची जुनी फायबरची घसरगुंडी कदाचित वाचेल. पृष्ठभागावरचा गुळगुळीत थर झिजून पांढरे धागे दिसत असतील तर ते कातडीत घुसतात. कुसळं निघाली असतील तेवढ्या भागावर घासून नवा जेलकोट मारून घ्या, तडा असेल तर टाकून द्या. सीसॉच्या दोन्ही टोकांखाली अर्धं टायर पुरा, नाहीतर आपटून माकडहाडाला मार बसतो. टायरला खाली भोकं पाडा. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. फिरतं चक्र घेऊ नका. लहान-मोठी मुलं एकाच जागी खेळतात तिथे ते सांभाळणं कुणालाच जमत नाही.

मांजरं वाळूत घाण करणार, हा आक्षेप सभेत नक्की येईल आणि तो खरा आहे. त्यांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा आणि जंत येतात, गर्भवतींना त्याचा विशेष धोका. उपाय रोजचा आहे. लहान हौदावर रात्री घट्ट ताणलेली नायलॉनची जाळी. ताडपत्री नको, तिच्याखाली वाळू ओली राहून कुबटते. झोक्याच्या मोठ्या जागेला चार फुटांचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक. रोज सकाळी दाताळं फिरवायचं, घाण दिसली तर भोवतालच्या वाळूसकट फावड्याने काढायची. पंधरा दिवसांतून एकदा सहा इंच खोल उलथापालथ, म्हणजे ऊन आत पोचतं आणि वाळू सैल राहते.

झोक्याखाली पायाने खळगा होतोच, आठवड्याभरात चार-सहा इंच. म्हणून खांबांवर वाळूच्या मूळ पातळीला लाल रंगाची रेघ मारून घ्या. रेघेखाली दोन बोटं दिसली की वॉचमनने वाळू ओढायची. हे त्याच्या कामाच्या यादीत लिहून, त्याचे वेगळे पैसे ठरवा. फुकटात सांगितलेलं हे काम दोन महिन्यांत बंद पडतं. आणि आई-बाबांना एक सांगा: झोक्यावर-घसरगुंडीवर ओढणी, गळ्यातल्या दोऱ्या आणि सायकलचं हेल्मेट काढूनच. हेल्मेट फटीत अडकून गळा आवळला जातो.

आता दिरांच्या डहाणूच्या अंगणाविषयी. तिथे सगळं उलटं आहे. जमीन देवाने वाळूची दिली आहे, पाणी आपोआप उतरतं, शत्रू हवेत आहे. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड रंगाच्या बारीकशा ओरखड्यातूनही आत जातं. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टीलही समुद्रालगत तपकिरी डागाळतं. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते टिकतं, पण महाग. म्हणून लोखंड जितकं कमी तितकं बरं: सुरूचे वासे, रबरी बैठक, जाड पॉलिएस्टर दोर, आणि फक्त कड्या-बोल्ट ३१६ चे. काथ्याचा दोर दिसायला छान, पण भिजून आतून कुजतो आणि बाहेरून कळत नाही. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने सगळं धुवा, कड्याखालची जागा विशेष. टायरचा झोका करायचा तर जुना नायलॉन टायर घ्या. रेडियलमधल्या तारा झिजून बाहेर येतात.

झोका नारळाखाली कधीही नको, पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी. सुरूच्या सावलीत चालेल, पण फांदीला न बांधता स्वतंत्र चौकटीला. आणि तिथली सैल वाळू जन्मतः मऊ असली तरी झोक्याखाली ती रोज ओढावीच लागेल, तुमच्यासारखीच.

किनाऱ्यावर जाणाऱ्या पाहुण्यांसाठी दारावर भरती-ओहोटीच्या वेळा रोज खडूने लिहाव्यात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठं असतं, आणि डहाणूचा किनारा सपाट असल्याने पाणी भराभर आत येतं. शेजारी आणखी एक ओळ हवी: मुलांनी त्यांच्या गुडघ्यापेक्षा खोल खड्डा खणू नये आणि खणलेला बुजवूनच निघावं. ओल्या वाळूच्या भिंती एका क्षणात कोसळतात आणि आत बसलेल्या मुलाला हाताने उकरून काढायला वेळ मिळत नाही.

तुमच्याकडच्या कामाची वेळ महत्त्वाची. माती काढणं आणि मुरूम ठोकणं मेच्या मध्यापर्यंत संपलं पाहिजे. वळवाच्या एका सरीने उघडी काळी माती लोण्यासारखी होते आणि ठोकाई फुकट जाते. तोवर सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या आणि त्यात रकमेबरोबर तीन गोष्टी लिहा: वाळूची जाडी एक फुटाखाली येऊ द्यायची नाही, दर महिन्याला साखळ्या-बोल्ट तपासून वहीत सही करायची, आणि दरवर्षी वाळूची भर घालण्यासाठी वेगळी रक्कम राखायची. कोटेशन तीन मागवा, पण तिघांना एकच मापांचा कागद द्या, नाहीतर सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये वाळूची जाडी सहा इंच निघेल आणि ते काम संपल्यावरच कळेल. वाळू पडली की बिल चुकतं करण्याआधी चार ठिकाणी फूटपट्टी खुपसून स्वतः मोजा.